मानशीपासून पुलापर्यंत : गोव्यातल्या रात्रीच्या मासेमारीविषयी

पणजीहून रायबंदरला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर रात्री दहानंतर गेलात तर कठड्याशी दोन-चार माणसे हमखास दिसतात. एकाच्या हातात नुसता तंगूस, दुसऱ्याकडे रॉड आणि रीळ, बाजूला प्लॅस्टिकच्या डब्यात जिवंत सुंगटे. गाडीतून जाणाऱ्याला वाटते, काम नाही म्हणून बसलेत. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र इथे थांबावेसे वाटायला हवे. या माणसांच्या पायाखाली जवळजवळ चारशे वर्षांचे बांधकाम आहे, आणि ती ज्या पद्धतीने पाण्याची वेळ बघून बसली आहेत ती पद्धत त्याहून कितीतरी जुनी आहे.

या टिपणाचा विषय तोच : गोव्यात रात्री, वाहत्या पाण्याच्या अरुंद वाटेवर मासा धरण्याची रीत कुठून आली, ती कोणाच्या हक्काची होती, आणि मानशीवरून पुलावर ती कशी सरकली. पुलांचा इतिहास आपण रस्ते आणि लष्कर यांच्या अंगाने लिहितो. मासेमारीचा लिहितो तो समुद्र, होड्या आणि ट्रॉलर यांच्या अंगाने. या दोन्हींच्या मधली ही जागा तशीच राहून गेली आहे.

खाजन आणि मानस

सुरुवात खाजनापासून करावी लागते. मांडवी, झुआरी, शापोरा, साळ या नद्यांना समुद्राची भरती खूप आतपर्यंत चढते. त्यांच्या काठची सखल जमीन मुळात खाऱ्या पाण्याखाली जाणारी. ती बांध घालून अडवली, आत कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात लावले, पाण्याची ये-जा दारांनी बांधून टाकली, की झाले खाजन. चोडण, दिवाडी, सांत इस्तेव्ह, मेरशी, आजोशी, मंडूर असे कितीतरी गाव या खाजनांवर जगले. साऱ्या गोव्यातली खाजन जमीन सतरा-अठरा हजार हेक्टरांच्या घरात मोजली जाते. एवढ्या छोट्या मुलखात हा आकडा लहान नव्हे.

ही व्यवस्था पोर्तुगीजांनी आणली असे अजूनही कोणी कोणी बोलून जातो. ते खरे नाही. बांदोडे इथे सापडलेला कोकणच्या मौर्य घराण्यातला राजा अनिर्जितवर्मन याचा ताम्रपट साधारण सहाव्या शतकातला मानतात. त्यात 'खज्जन' जमिनीचे दान आहे आणि खारे पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या हजारएक वर्षे आधी इथले लोक समुद्राशी हा व्यवहार करत होते.

बांधाचा प्राण म्हणजे मानस. बांधात चिऱ्याची चौकट बसवून तिला लाकडी दारे लावलेली असतात. ओहोटीला बाहेरचे पाणी उतरले की आतल्या पाण्याच्या दाबाने ती बाहेर उघडतात. भरती चढू लागली की बाहेरचे पाणीच त्यांना ढकलून बंद करते. यंत्र नाही, तेल नाही, माणसाने रात्रभर उभे राहण्याचीही गरज नाही. दारांच्या आतल्या बाजूला खोल डोह ठेवलेला असतो, त्याला पोंय म्हणतात. शेतातले पाणी तिथे जमते आणि त्याबरोबर मासेही.

आता कल्पना करा. शेकडो बिघे शेतातले पाणी एका दारातून बाहेर पडणार. त्या दारावर पिशवीसारखे जाळे लावले, की मासा शोधायला कुठे जावे लागत नाही, तो स्वतः जाळ्यात येतो. सुंगटे, शेवटे, काळुंदर, कुर्ल्या आणि नशीब असेल तर तामसो किंवा चोणक. भात पिकवण्यासाठी बांधलेली ही वास्तू अशी आपोआप मासेमारीचीही जागा झाली.

रात्रच का?

हा प्रश्न शहरातले वाचक नेहमी विचारतात. याची दोन उत्तरे आहेत, एक पंचांगाचे आणि एक माशाचे.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा ठोकताळा असा : तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पुनवेला किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ठिकाण बदलले की वेळ मागेपुढे होते, नदीत वर जावे तशी ती उशिरा येते, पण अंदाजाला हा हिशेब पुरतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, ती याच हिशेबात बसते.

पुनवेच्या आणि अमावस्येच्या आसपास उधाण असते. पाणी दोन मीटरच्या आसपास चढते-उतरते, त्यामुळे मानशीतून पाण्याचा ओढाही सगळ्यांत जोराचा. याच दिवसांत भरती मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे पूर्ण होते आणि पाणी पहाटेपर्यंत उतरत राहते. म्हणून जाळे लावायची वेळ मध्यरात्रीनंतरची. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी आळसावते, तेव्हा जाळ्यात फारसे काही मिळत नाही. मानशीवरच्या माणसाचा महिना असा चंद्राने आखलेला होता. त्याला कामावर जायची वेळ घड्याळापेक्षा पंचांग नेमकी सांगत असे.

दुसरे कारण माशाचे. सुंगटे दिवसा चिखलात दडून राहतात आणि अंधार पडल्यावर हिंडू लागतात. ती ओढ्याबरोबर वाहू लागली की त्यांना खाणारे मासेही ओढ्याच्या तोंडाशी येतात. त्यातला राजा म्हणजे चोणक. रायगडकडचे लोक ज्याला जिताडा म्हणतात तोच हा. चोणक सहसा पाठलाग करून दमत नाही, तो दबा धरतो. खांबाच्या आडोशाला, पाण्याचा जोर जिथे मोडतो तिथे प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो आणि भक्ष्य समोरून वाहत आले की एका झेपेत ओढतो. अंधारात त्याच्या डोळ्यांवर बॅटरीचा झोत पडला तर ते तांबूस सोनेरी चमकतात, कारण कमी उजेडात पाहण्यासाठीच ते घडलेले आहेत.

पुलावर बसणाऱ्याला हे सारे ठाऊक असते, फक्त तो ते शास्त्राच्या भाषेत सांगत नाही. रस्त्याच्या दिव्याचा उजेड पाण्यावर पडतो, कठड्याची सावली त्याला कापते. उजेडात लहान मासे जमतात आणि सावलीच्या कडेला मोठा मासा उभा राहतो. म्हणून गरी उजेडाच्या मध्यावर टाकायची नाही. ती वरच्या अंगाला टाकायची आणि प्रवाहाबरोबर सावलीच्या रेषेत वाहू द्यायची. मानशीवर टांगलेल्या पेट्रोमॅक्सच्या प्रकाशात हेच घडत असे. दिवा बदलला, मासा तोच राहिला.

पाणी वाहते, पण हक्क कोणाचा?

इथे गोष्ट इतिहासाच्या खऱ्या मुद्द्यावर येते. मानशीवर कोणीही जाऊन जाळे लावू शकत नव्हते. खाजन गावकारीचे, बांध गावकारीचा, म्हणून मानशीतला मासाही गावकारीचा. १५२६ साली अफोंसो मेशिया याच्या फोरालात गावकारींच्या रीती पोर्तुगीज सत्तेने पहिल्यांदा लेखी मान्य केल्या. तोवर चालत आलेली सामाईक मालकीची चौकट पुढे 'कोमुनिदाद' या नावाने टिकली. त्या चौकटीत मानशीच्या मासेमारीचा लिलाव होई. जास्त बोली लावणाऱ्याला ठरावीक मुदतीसाठी हक्क मिळे आणि ती रक्कम गावाच्या उत्पन्नात जमा होई. त्यातून बांधाची डागडुजी होई आणि खर्च जाऊन उरेल त्यातून गावकारांना जोण मिळे.

यातला शहाणपणा समजून घ्यायला हवा. मासा विकून बांध राखायचा, बांध राखून भात पिकवायचे, आणि भाताच्या शेतातच पुन्हा मासा वाढवायचा. पैसा, पाणी आणि धान्य एकाच चाकावर फिरत होते. बांधाविषयी लोकांची भावनाही नुसती हिशेबी नव्हती. फोंडा तालुक्यातल्या काही गावांत पौषात 'माणगें थापणी' होते. चिखलाची सुसर घडवून तिची पूजा करायची, पाण्याने आणि पाण्यातल्या जनावराने बांधाला आणि बांधावरच्या माणसाला राखावे म्हणून. कुंभारजुव्याच्या खाडीत सुसरी आजही आहेत, तेव्हा ही पूजा केवळ प्रतीकाची म्हणता येत नाही.

पण त्याच व्यवस्थेची दुसरी बाजूही लिहायला हवी. ज्याचे नाव गावकारीत नाही त्याला जोण नाही आणि लिलावाला लावायला पैसाही नाही. मुंडकार, मजूर, बांधाचा चिखल उपसणारी माणसे यांच्या वाट्याला मानस यायची ती राबण्यापुरती. त्यांनी मासा धरायचा तो बांधाबाहेर, उघड्या नदीत, पागेराने किंवा गरीने. नदीतही सगळी जागा मोकळी नव्हती. प्रवाहात खुंट रोवून बांधलेल्या जाळ्यांच्या जागा ठरलेल्या असत. गरीवाल्याने उरलेल्या फटीत बसायचे.

१९६१ नंतर चित्र बदलले. १९६४ चा कूळ कायदा आला आणि कसणाऱ्याला संरक्षण मिळाले. १९७५ च्या नियमांनी बांध-मानशींची संयुक्त जबाबदारी कुळांच्या संघांकडे दिली. न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते. पण लिलाव चालू राहिला, आणि भाताचे उत्पन्न घसरत गेले तशी माशाची बोली मोठी वाटू लागली. मग तो जुना तंटा उफाळला जो खाजनाच्या गावात आजही ऐकू येतो. बोली लावणाऱ्याला मासा हवा असतो. भरतीच्या वेळी दारे थोडी उघडी ठेवली तर खाऱ्या पाण्याबरोबर जास्त मासा आत येतो. बारीक आसाचे जाळे लावले तर पिल्लेही सुटत नाहीत. त्याचे पैसे वसूल होतात, शेत मात्र खारट होते. दोन हंगाम असे गेले की शेतकरी नांगर सोडतो, शेतात खारफुटी उगवते आणि बांधाकडे बघायला कोणी उरत नाही. ज्या दाराने गाव जगवला तेच दार रात्री कोणाच्या हातात आहे, यावर गावाचे भवितव्य ठरू लागले.

पुलांची गोष्ट

आता पुलाकडे वळू. रायबंदरचा तो रस्ता म्हणजे 'पोंते दे लिन्यारिश'. व्हाइसरॉय मिगेल द नोरोन्या, लिन्यारिशचा काउंट, याने १६३३-३४ च्या सुमारास तो बांधला. लांबी तीन किलोमीटरच्या आसपास, बांधकाम चिऱ्याचे. राजधानी तेव्हा जुन्या गोव्यात होती, पणजी हे लहानसे ठिकाण होते, आणि दोघांच्या मध्ये दलदल, मिठागरे आणि खाजने पसरलेली होती. पाणी अडवून चालणार नव्हते म्हणून रस्त्याखाली कमानी ठेवल्या. त्या कमानींतून भरती दक्षिणेकडच्या सखल भागात शिरते आणि ओहोटीला तिथूनच परतते.

म्हणजे मासा धरणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर ही कमान मानशीचीच बहीण आहे. मोठ्या पाण्याला अरुंद वाट, वाटेवर जोर, जोराच्या कडेला आडोसा. फरक एकच, इथे दार नाही आणि लिलावही नाही. वरचा रस्ता सरकारचा, खालचे पाणी भरतीचे.

या जुन्या पुलानंतर फार मोठा काळ गोव्याच्या मोठ्या नद्या होडी आणि फेरीबोटीनेच ओलांडल्या जात. जे थोडे पूल होते त्यांतले काही डिसेंबर १९६१ मध्ये माघार घेणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने उडवले. मुक्तीनंतर पुलांचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. मांडवीवरचा नेहरू पूल १९७० च्या आसपास झाला, झुआरीवरचा १९८३ मध्ये खुला झाला. ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसात, नेहरू पूल कोसळला आणि पणजी-बेती पुन्हा फेरीबोटीवर आली. त्यानंतर नव्वदीच्या दशकात मांडवीवर दोन पूल उभे राहिले आणि २०१९ च्या जानेवारीत तिसरा, अटल सेतू.

उंच पुलावरून गरी टाकता येत नाही, आणि वाहतुकीच्या गर्दीत टाकूही नये. पण मोठ्या पुलांबरोबर गावोगावी लहान पूल आले. खाडीवरचे, ओहोळावरचे, खाजनाच्या तोंडावरचे. जिथे पूर्वी मानस होती किंवा होडीचा धक्का होता, तिथे आता काँक्रीटचा कठडा आणि विजेचा दिवा आहे. मानशीच्या लिलावात ज्याला कधी जागा नव्हती त्याच्या घरातला मुलगा आज याच कठड्यावर बसतो. दिवसा तो दुकानात, कारखान्यात, कचेरीत असतो. रात्र त्याची स्वतःची. माझ्या मते पुलावरच्या मासेमारीचा सामाजिक अर्थ हाच आहे : गोव्यातल्या पाण्याची ही अशी जागा, जिथे बसायला नाव, बोली किंवा वारसा लागत नाही.

चोणकाचे आयुष्य आणि आपली जबाबदारी

मात्र जी जागा कोणाचीच नाही तिची राखणही कोणी करत नाही. चोणकाचे जीवनचक्र पाहिले तर हे लक्षात येते. चोणक जन्माला येतो तो बहुधा नर म्हणून. काही वर्षे वाढून मोठा झाला की त्याचीच मादी होते. अंडी घालायला त्याला नदीच्या मुखाचे खारे पाणी लागते, आणि ते घडते पावसाच्या सुमारास. पिल्ले मग भरतीबरोबर आत येतात आणि खाजनाच्या निमखाऱ्या ओहोळात, पोंयींत, खारफुटीच्या मुळांत वाढतात. याचा अर्थ असा की कठड्यावर ज्याचा फोटो काढला जातो तो भला मोठा चोणक म्हणजे बहुतेक वेळा मादीच असते. आणि मानशीच्या बारीक जाळ्यात सापडते ते बोटभर पिल्लू म्हणजे दहा वर्षांनंतरची मादी असते. पूल आणि मानस एकाच माशाची दोन टोके धरून ओढत आहेत.

जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना एकसष्ट दिवसांची बंदी असते, ती समुद्रासाठी. गरीवाल्याला तेव्हा कोणी अडवत नाही. उलट समुद्रातला मासा मिळेनासा झाला की नदीतल्या माशाला भाव चढतो, आणि चोणकाच्या विणीचा हंगाम नेमका तोच.

इथे दूरच्या एका किनाऱ्याचे उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर पट्टेरी बास नावाचा मासा आहे. जातीने चोणकाचा सख्खा नव्हे, सवयीने मात्र जवळचा. तोही रात्री पुलाच्या दिव्याखालच्या सावलीत प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, आणि त्याच्यासाठी तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या पुलांवर रात्री जागवतात. प्रवास मात्र उलटा, तो समुद्रातून गोड्या पाण्यात जाऊन अंडी घालतो. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६३९ सालीच हा मासा शेताला खत म्हणून वापरायला बंदी केली होती. तरी विसाव्या शतकाच्या सत्तरीत तो झपाट्याने घटला. १९८४ मध्ये अमेरिकेने त्याच्या रक्षणाचा कायदा केला, मेरीलँड राज्याने १९८५ पासून पाच वर्षे त्याची मासेमारी पूर्ण थांबवली, आणि मासा परत आला. पुढे लांबीची मर्यादा आणि माणशी संख्या ठरली. व्यापारी मच्छीमाराइतकाच पुलावर हौसेने बसणाराही त्या नियमात बांधला गेला, हे विशेष. 'एकट्याच्या गरीने काय होणार' ही सबब तिथे चालली नाही.

आपल्याकडे असे नियम वरून आले पाहिजेत असे नाही. गावकारीची जुनी रीत हेच सांगते की पाण्याला शिस्त लावण्याचे काम गाव स्वतः करू शकतो. भात आधी, मासा नंतर. भरतीला दार बंद. लिलावाचा पैसा आधी बांधाला. हे सगळे इथल्याच माणसांनी ठरवले आणि पाळले. तिच्यातला अन्याय सोडून द्यावा आणि शिस्त तेवढी उचलावी, इतके शहाणपण आपल्यात असायला हरकत नाही. जाळ्याचे आस मोठे ठेवणे, बोटभर पिल्लू परत सोडणे, पावसात विणीच्या मादीला जाऊ देणे यासाठी कचेरीचा शिक्का लागत नाही.

अभ्यासकांसाठी शेवटी

गावकारींच्या जुन्या नोंदी पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. त्यांत मानशींच्या लिलावांची गावागावांतली वर्षवारी कोणी काढली, तर भाताचे आणि माशाचे उत्पन्न यांचा तोल केव्हा आणि कसा ढळला हे आकड्यांत दिसेल. दुसरे काम कागदाबाहेरचे आणि जास्त घाईचे आहे. प्रत्येक मानशीला नाव असते, प्रत्येक पोंयीला असते, पुलाखालच्या प्रत्येक डोहालाही गरीवाले काहीतरी म्हणतात. कोणत्या वाऱ्याला कोणता मासा, कोणत्या तिथीला कोणती कमान, हे ज्ञान साठी-सत्तरीच्या माणसांच्या तोंडी आहे. मानस मोडली की तिचे नाव पुढच्या पिढीत जात नाही, कारण त्या जागी फक्त खारफुटी उरते.

आपल्या गावात खाजन असेल तर एखाद्या उधाणाच्या रात्री बांधावर जा, वही बरोबर घ्या. खाजन नसेल तर पूल तरी असेलच. कठड्यावरच्या माणसाला 'काय मिळालं?' असे विचारण्याआधी 'पाणी कधी फिरणार?' असे विचारून पाहा. बहुतेक वेळा तो घड्याळ न बघता उत्तर देईल. त्या उत्तरात बांदोड्याच्या ताम्रपटापासून चालत आलेले बरेच काही असते, आणि ते अजून कोणी लिहून ठेवलेले नाही.